पाच वॅटचा सर्व्हर

भोरहून महाडकडे जाणारा रस्ता नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेने वरंधा घाटाकडे चढू लागला, की मोबाइलच्या पडद्यावरच्या रेघा एकेक करून कमी होऊ लागतात. वेल्ह्याहून तोरण्याला वळसा घालून केळदच्या दिशेने गेले तरी हाच अनुभव येतो. कारण अगदी साधे आहे. मोबाइलच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. मध्ये सह्याद्रीची एखादी सोंड आडवी आली, की पलीकडच्या खोऱ्यात लहरींची सावली पडते. मनोरा कितीही दूरवर प्रक्षेपण करणारा असला तरी तो डोंगर पोखरून आत शिरू शकत नाही.

अशा सावलीत असलेल्या शाळेतल्या शिक्षकाला कोणी सांगितले, की धड्याला पूरक चित्रफीत इंटरनेटवर उपलब्ध आहे, तर त्या माहितीचा त्याला उपयोग काय? तो शनिवारी भोरला किंवा पुण्याला येतो, चित्रफिती मोबाइलमध्ये भरून घेतो आणि सोमवारी वर्गात दाखवतो. हे अनेक जण करत आले आहेत. पण एका मोबाइलभोवती पस्तीस मुले बसू शकत नाहीत, आणि पुढच्या आठवड्यात जागा करण्यासाठी मागच्या चित्रफिती पुसाव्या लागतात.

यावर एक उपाय आहे. सगळे साहित्य एकदाच एका संगणकात भरून ठेवायचे, आणि शाळेतल्या किंवा शिक्षकाच्या घरातल्या बिनतारी जाळ्यावरून इतरांना ते मागतील तेव्हा पुरवायचे. अशा पुरवठादार संगणकाला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर म्हटले की थंडगार खोलीतले मोठे कपाट डोळ्यांपुढे येते, पण तो शब्द यंत्राच्या आकाराचा नाही, कामाचा आहे. दुसऱ्या यंत्राने मागावे आणि याने द्यावे, एवढेच ते काम. गावातल्या वाचनालयाचा ग्रंथपाल जे करतो तेच.

त्यासाठी लागणाऱ्या आज्ञावल्या फुकट मिळतात. किविक्स ही आज्ञावली २००७ सालापासून विकसित होत आली आहे. संपूर्ण विकिपीडिया एका फायलीत दाबून बसवायचा आणि इंटरनेटशिवाय वाचायचा, ही तिची करामत. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया अशा रीतीने मोबाइलच्या एका साध्या स्मृतिपत्रात सहज मावतो. इंग्रजी विकिपीडियाला मात्र चित्रांसकट शंभर गिगाबाइटच्या आसपास जागा लागते. कोलिब्री ही दुसरी आज्ञावली चित्रफिती आणि स्वाध्याय वर्गवार मांडून देते, आणि कोणत्या मुलाने कुठवर मजल मारली याची नोंदही ठेवते. बालभारतीची पाठ्यपुस्तके तर साध्या फायलींच्या रूपात ठेवली तरी चालतात.

आज्ञावलीचा प्रश्न असा सुटतो. उरतो तो यंत्राचा. कोणते यंत्र घ्यावे? बहुतेक जण येथे वेगाचा विचार करतात. भोर-वेल्ह्यासारख्या भागात विचाराची सुरुवात विजेपासून केली पाहिजे, असे माझे मत आहे. जून ते सप्टेंबर या काळात झाड पडते, तार तुटते, रोहित्रात बिघाड होतो, आणि दुरुस्तीला येणाऱ्या माणसालाही त्याच पावसातून यावे लागते. मुलांना मैदान बंद असते तेच हे दिवस. म्हणजे सर्व्हरची खरी गरज असते तेव्हाच वीज नसते.

वॅट आणि युनिट

वर्तमानपत्रांतून 'इतके वॅट प्रति तास वीज लागते' अशी वाक्यरचना आढळते. ती चुकीची आहे. वॅट हा मुळातच दर आहे. एका सेकंदाला एक ज्यूल ऊर्जा म्हणजे एक वॅट. नळाची धार आणि बादलीतले पाणी यांत जो फरक, तोच शक्ती आणि ऊर्जा यांत. आपण बिल भरतो ते बादलीचे. हजार वॅटची धार एक तास चालू राहिली, की एक युनिट भरते.

वर्षाचे तास होतात ८७६०. म्हणून एक वॅटचे उपकरण वर्षभर अखंड चालू ठेवले तर ८.७६ युनिटे खर्च होतात. हा आकडा ध्यानात ठेवावा, फार उपयोगी पडतो. जुना डेस्कटॉप संगणक, पडदा बंद ठेवून, काहीही काम न करता साधारण ५० ते ८० वॅट घेतो. ६० धरले तर वर्षाला सुमारे ५२६ युनिटे. तेच काम ४ वॅटच्या यंत्राने केले तर ३५.

४९० युनिटांचा हा फरक किती मोठा? भोरजवळच्या भाटघर धरणाच्या पायथ्याशी १६ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे. समजा, तेथील पाणी ४० मीटर उंचीवरून पडते आणि त्याच्या ऊर्जेपैकी ८० टक्क्यांची वीज होते. (दोन्ही आकडे गणितासाठी गृहीत धरले आहेत, जलाशयाच्या पातळीबरोबर उंची बदलत जाते.) एका घनमीटर पाण्यापासून १००० × ९.८ × ४० × ०.८, म्हणजे सुमारे ३ लाख १४ हजार ज्यूल मिळतील. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. तेव्हा एका युनिटासाठी साडेअकरा घनमीटर पाणी खाली यावे लागते, आणि ४९० युनिटांसाठी सुमारे ५६ लाख लिटर! एका रिकाम्या बसलेल्या संगणकापायी. नववी-दहावीच्या मुलांकडून हे गणित जरूर करून घ्यावे. येसाजी कंक जलाशयाचे पाणी रोज पाहणाऱ्या मुलाला युनिट म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागणार नाही.

संगणक वीज खातो कुठे?

संगणकाच्या प्रक्रियकात अब्जावधी सूक्ष्म कळा असतात. प्रत्येक कळ म्हणजे एक अतिशय लहान धारित्र आहे असे समजा. '१' लिहिताना ते भारित होते, '०' लिहिताना रिकामे होते. C धारकतेचे धारित्र V व्होल्टपर्यंत भारित करताना उगमातून CV² एवढी ऊर्जा निघते. तिच्यातली निम्मी वाटेतल्या रोधात उष्णता होऊन जाते, आणि निम्मी धारित्रात साठते. पण ते रिकामे होताना तीही उष्णताच होते. वरच्या टाकीतून घागर भरावी आणि मोरीत ओतून द्यावी, तसा हा उद्योग. तो सेकंदाला f वेळा होत असेल तर लागणारी शक्ती CV²f.

या सूत्रात व्होल्टचा वर्ग आहे, आणि सगळी गंमत त्या वर्गात आहे. समजा, काम नसताना प्रक्रियकाने आपली वारंवारता निम्मी केली. तेवढ्याने शक्ती निम्मी होईल. पण हळू चालणाऱ्या कळांना कमी व्होल्ट पुरतात. म्हणून १.२ व्होल्टवरून ०.९ वर येता आले, तर ०.७५ चा वर्ग ०.५६, त्याचे निम्मे ०.२८. शक्ती एकदम २८ टक्क्यांवर येते. आजचा प्रत्येक प्रक्रियक हा खेळ सेकंदाला अनेकदा खेळत असतो. (कळा बंद असतानाही थोडी धारा झिरपत राहते, तिचा खर्च यात धरलेला नाही.)

कमी शक्तीच्या प्रक्रियकांची एक मौजेची हकीगत आहे. १९८५ साली इंग्लंडमधल्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एआरएम या नावाचा पहिला प्रक्रियक तयार केला. शक्ती मोजण्यासाठी फर्बर यांनी त्याच्या वीजमार्गात अँमीटर जोडला, तर काटा शून्यावर, आणि प्रक्रियक मात्र व्यवस्थित चालू! तपास केल्यावर कळले, की चाचणीच्या फळीवर प्रक्रियकाला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. शेजारच्या परिपथांकडून येणाऱ्या संकेतांच्या तारांतून जी थोडीशी धारा आत शिरत होती, तिच्यावरच तो चालला होता. कंपनीला खरे तर स्वस्त वेष्टनात मावणारा, फार न तापणारा प्रक्रियक हवा होता. इतकी काटकसर कोणी मागितली नव्हती. आज आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये त्याच घराण्याचे वंशज आहेत. २०१२ साली आलेल्या रास्पबेरी पाय या पत्त्याएवढ्या संगणकातही तेच आहेत.

पण वीज फक्त प्रक्रियक खात नाही. जुन्या डेस्कटॉपमध्ये पंखे असतात, मोठी फिरती तबकडी असते, आणि ३०० ते ४५० वॅटसाठी बनवलेला वीजपुरवठ्याचा डबा असतो. तो डबा पूर्ण भारावर बरा चालतो. त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या भारावर त्याची कार्यक्षमता घसरते. दहा टनी ट्रकमधून एक पोते नेण्यासारखे ते आहे.

काय वगळता येईल याचा विचार करून बनवलेल्या यंत्राचे उदाहरण महाराष्ट्रातच पाहायला मिळाले होते. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट येथील छोट्या मराठी शाळेत २००७ साली 'एक मूल, एक लॅपटॉप' या योजनेतले हिरवे-पांढरे एक्सओ संगणक आले. भारतातला तो या योजनेचा पहिला प्रयोग. त्या यंत्रात पंखा नव्हता, फिरती तबकडी नव्हती. ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रक्रियक, २५६ मेगाबाइट स्मृती आणि १ गिगाबाइट साठवण एवढ्यावर ते मोजक्या काही वॅटमध्ये चालत असे. शिक्षणाच्या दृष्टीने त्या योजनेविषयी मतभेद झाले आणि ते होणे योग्यच होते. पण वीज जेमतेम असलेल्या ठिकाणी यंत्र कसे असावे, याचा तो वस्तुपाठ होता, यात शंका नाही.

उमेदवार

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. आपल्यापुढे साधारण चार उमेदवार येतात. शाळेच्या कपाटात पडलेला जुना डेस्कटॉप, कोणाच्या तरी घरचा जुना लॅपटॉप, कार्यालयातून निवृत्त झालेला पुस्तकाएवढा छोटा संगणक (किंवा तशाच आकाराचा नवा), आणि रास्पबेरी पायसारखा एका फळीवरचा संगणक.

त्यांची तुलना करताना पाठीवरच्या पट्टीवरचे आकडे पाहू नयेत. लॅपटॉपच्या अ‍ॅडॉप्टरवर १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर असे लिहिलेले असते. गुणाकार केला तर ६५ वॅट. हा अ‍ॅडॉप्टर जास्तीत जास्त किती देऊ शकेल याचा आकडा आहे. लॅपटॉप किती घेतो याचा नव्हे. प्रक्रियकाच्या जाहिरातीत 'टीडीपी' म्हणून जो वॅटचा आकडा असतो तोही फसवा आहे. किती उष्णता बाहेर काढण्याची सोय ठेवावी, हे सांगण्यापुरता तो आहे. इंटेलचा २०२३ साली आलेला एन१०० हा प्रक्रियक ६ वॅटचा म्हणून ओळखला जातो, पण तो बसवलेला पूर्ण संगणक काम नसताना ६ ते १० वॅट घेतो आणि भरपूर काम दिले की त्याच्या दुप्पट-तिप्पट.

पाहायचा तो काम नसतानाचा आकडा. शाळेचा सर्व्हर दिवसाला ५ तास, वर्षाला २२० दिवस कामात असतो असे धरले तरी ते ११०० तास होतात; ८७६० पैकी साडेबारा टक्के. त्या तासांतही तो बहुतेक वेळ वाट पाहतच बसलेला असतो. वाट पाहण्याचा खर्च हाच खरा खर्च.

येथे कोणी चाणाक्ष विद्यार्थी विचारील, 'मग उरलेल्या वेळी बंदच का करत नाही?' प्रश्न बिनतोड आहे. ६० वॅटचा जुना डेस्कटॉप फक्त शाळेच्या ११०० तासांत चालवला तर ६६ युनिटे लागतात. अहोरात्र चालणाऱ्या ४ वॅटच्या यंत्राची ३५ झाली. फरक उरतो वर्षाला ३१ युनिटांचा. त्यासाठी नवे यंत्र विकत घेणे परवडत नाही. शिवाय नवे यंत्र बनतानाही ऊर्जा लागलेली असतेच. तेव्हा ज्या शाळेत वीज टिकते आणि बटण दाबायला माणूस आहे, तिने कपाटातला डेस्कटॉप खुशाल वापरावा. जुने यंत्र म्हणजे वाईटच, असे मानण्याचे कारण नाही.

अडचण वीज जाते तेथे सुरू होते. पावसाळ्यात दोन दिवस वीज नाही आणि रोज ६ तास सर्व्हर हवा, असे धरून विद्युतघटाचे गणित मांडू. सर्व्हर ४ वॅट आणि बिनतारी जाळ्याचा राउटर ६ वॅट. (राउटर सर्व्हरपेक्षा जास्त वीज खातो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.) एकूण १० वॅट, १२ तास, म्हणजे १२० वॅट-तास. ही दोन्ही यंत्रे मुळात ५ किंवा १२ व्होल्टच्या दिष्ट धारेवर चालणारी. १२ व्होल्टच्या घटाला एक लहानसा परिवर्तक जोडून ती सरळ चालवता येतात. त्यात दहा टक्के तूट धरली तर १३३ वॅट-तास लागतील. शिसे-आम्ल घट निम्म्याहून जास्त रिकामा करू नये, नाहीतर त्याचे आयुष्य घटते. म्हणून घट २६७ वॅट-तासांचा, म्हणजे १२ व्होल्ट, २२ अँपिअर-तासांचा हवा. तो एका हाताने उचलता येतो.

आता तेथेच डेस्कटॉप ठेवा. ६० आणि राउटरचे ६ मिळून ६६ वॅट. हा संगणक २३० व्होल्टची प्रत्यावर्ती धारा मागतो, म्हणून मध्ये इन्व्हर्टर आला. इन्व्हर्टरने दिष्टाची प्रत्यावर्ती करायची आणि संगणकाच्या डब्याने तिची पुन्हा दिष्ट करायची! इन्व्हर्टरमध्ये वीस टक्के तूट धरली तर ८२.५ वॅट, १२ तासांचे ९९० वॅट-तास, आणि निम्म्याच्या नियमाने १९८० वॅट-तासांचा घट. म्हणजे १२ व्होल्ट, १६५ अँपिअर-तास. हा घट दोन माणसांनी उचलावा लागतो, आणि त्याची किंमत त्या जुन्या संगणकाच्या कितीतरी पट असते.

सौर तबकाचा विचार केला तर फरक आणखी डोळ्यांत भरतो. आपल्या १० वॅटच्या जोडीला रोजचे ६० वॅट-तास लागतात. परिवर्तक आणि घट यांतील तुटी धरून ८०. फाल्गुन-चैत्रात दिवसभराचे ऊन पूर्ण तेजाच्या पाच तासांइतके धरले आणि तबकाचे उत्पन्न ८० टक्के, तर २० वॅटचे तबक पुरते. आषाढात तोरण्यावर ढग उतरलेले असताना तेच ऊन एका तासाइतके उरले, तर तबक १०० वॅटचे हवे. सह्याद्रीच्या माथ्याशी तबकाचे माप उन्हाळ्यावरून कधीच ठरवू नये. पुण्यातला दुकानदार पुण्याच्या उन्हाचे गणित सांगतो. आपले गणित आषाढाचे.

उरलेल्या तिघांत माझा कौल बहुतेक शाळांसाठी जुन्या लॅपटॉपला आहे. पडदा मिटून ठेवला तर तो १० ते १५ वॅटवर चालतो, आणि त्याच्या पोटात घट असतो. वीज गेली तरी तो पडत नाही, आणि घट संपत आला की स्वतःला नीट बंद करतो. कळफलक आणि पडदा सोबत असल्याने काही बिघडले तर शोध घेणेही सोपे. मात्र घट फुगलेला असेल, लॅपटॉपची पाठ किंवा कळफलक उचलला गेला असेल, तर तो घट ताबडतोब काढून टाकावा. फुगलेला लिथियम घट पेट घेऊ शकतो. त्याला टोचू नये, दाबू नये, कचऱ्यात टाकू नये.

वर्षभर सौर विजेवरच भिस्त असेल तर रास्पबेरी पाय. त्याची २०१९ साली आलेली चौथी आवृत्ती काम नसताना ३ वॅटच्या आसपास आणि भरपूर कामात ६ ते ७ वॅट घेते. २०२३ ची पाचवी आवृत्ती अधिक वेगवान आहे, पण तापते, तिला पंखा किंवा मोठे उष्णताशोषक लागते, आणि ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा खास पुरवठा तिच्यासाठी सुचवला आहे. पुस्तके, विकिपीडिया आणि चित्रफिती वाटण्यासाठी चौथी पुरेशी आहे. फक्त किंमत विचारताना नुसत्या फळीची विचारू नये. पेटी, पुरवठा, साठवण, सगळे मिळून कार्यालयातल्या जुन्या छोट्या संगणकाच्या किमतीजवळ जाते. २०२१-२२ मध्ये तर टंचाईमुळे ही फळी मूळ किमतीला मिळणेच दुरापास्त झाले होते.

कार्यालयातला जुना छोटा संगणक ८ ते १५ वॅट घेतो आणि या सर्वांत कणखर असतो. एकाच वेळी अनेक वर्गांना स्वाध्याय सोडवायचे असतील, किंवा घरातली छायाचित्रे, शाळेचे दप्तर असे सगळे एकाच यंत्रात सांभाळायचे असेल, तर तो घ्यावा.

वेगाविषयी एवढेच सांगणे पुरे. साध्या प्रतीच्या चित्रफितीला सेकंदाला सुमारे १ मेगाबिट लागतो. वीस मुलांनी एकदम पाहिली तरी २० मेगाबिट, आणि वरच्या कोणत्याही यंत्राला ते जड नाही. अडते ते बिनतारी जाळ्यात. रास्पबेरी पायच्या अंगच्या लहानशा अँटेनावर आठ-दहा मोबाइलच धड चालतात. त्यापुढे वेगळा राउटर घ्यावा आणि सर्व्हर त्याला तारेने जोडावा.

साठवण आणि घड्याळ

रास्पबेरी पाय सहसा मोबाइलमधल्यासारख्या स्मृतिपत्रावरून चालू करतात, आणि अनेकांचे सर्व्हर येथेच मरतात. स्मृतिपत्रातली प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच पुसून लिहिता येते. शिवाय लहानशी नोंद बदलायची असली तरी पेशींचा मोठा गठ्ठा पुसून पुन्हा लिहावा लागतो. पाटीवरचे एक अक्षर सुधारण्यासाठी सगळी पाटी पुसण्यासारखे. हे चालू असताना वीज गेली, तर अर्धी पाटी कोरी राहते, आणि तिच्यावर नेमकी फायलींची अनुक्रमणिका असेल तर सर्व्हर पुन्हा सुरूच होत नाही.

नुसता विकिपीडिया वाचायला द्यायचा असेल तर स्मृतिपत्र 'फक्त वाचा' अशा स्थितीत ठेवण्याची सोय रास्पबेरी पायच्या प्रणालीत आहे. ती वापरली की वीज कितीही वेळा गेली तरी बिघडत नाही. पण कोलिब्री मुलांच्या प्रगतीच्या नोंदी सतत लिहीत असते. तेथे घनस्थिती साठवण, म्हणजे एसएसडी, वापरावी. तीही अशाच पेशींची असते, पण तिच्यातला नियंत्रक लिखाण सर्व पेशींवर सारखे वाटतो. काम नसताना ती एखादा वॅट किंवा त्याहून कमी घेते. जुन्या डेस्कटॉपमधली साडेतीन इंची फिरती तबकडी नुसती फिरत राहण्यासाठी ४ ते ६ वॅट घेते, आणि सुरू होताना क्षणभर वीसच्या वर. म्हणजे चार वॅटच्या सर्व्हरला ती लावली तर गाडीपेक्षा टपाला जास्त तेल, अशी अवस्था. कोणतीही साठवण घेतली तरी तिची एक नक्कल दुसऱ्या घरात असावी. मुलांच्या वर्षभराच्या नोंदी परत कोठून आणणार?

दुसरी गोष्ट घड्याळाची. डेस्कटॉप आणि लॅपटॉप यांत नाण्याएवढा घट असतो, त्यामुळे बंद असतानाही त्यांना वेळ कळते. रास्पबेरी पायच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत ही सोय नाही. ते यंत्र सुरू झाले की इंटरनेटवरून वेळ विचारून घेते. इंटरनेटच नसेल तर? मागच्या वेळी बंद झाले तीच वेळ आता आहे, असे ते समजते. दोन दिवसांनी वीज आली तरी सर्व्हरच्या लेखी अजून सोमवारच असतो, आणि मुलांच्या स्वाध्यायांवर चुकीच्या तारखा पडत जातात. यावर घड्याळाचा एक लहान भाग आणि नाणे-घट जोडणे हा उपाय आहे. पाचव्या आवृत्तीत घड्याळ आहे, पण घट वेगळा आणून लावावा लागतो.

पावसाळ्यातल्या दमट हवेसाठी पंखा नसलेले यंत्र केव्हाही चांगले. पंखा धूळ आणि बाष्प आत ओढतो, आणि उबेला मुंग्या व पालीही येतात. यंत्र भिंतीपासून दूर, जमिनीपासून वर ठेवावे. विजांच्या दिवसांत भूसंपर्क तपासून घ्यावा आणि गडगडाट सुरू झाला की खटका बंद करण्यावर न थांबता पिना उपसून काढाव्यात. खटक्यातले अंतर काही मिलिमीटरचे असते. ढगातून जमिनीपर्यंत आलेल्या विजेला ते काय अडवणार?

मोजून पाहा

वर दिलेले वॅटचे आकडे सर्वसाधारण आहेत. आपल्या हातातले यंत्र किती घेते, हे आपणच मोजावे. त्यासाठी भिंतीवरचा वीजमीटर पुरतो. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटाला किती लुकलुकी, हा आकडा मीटरवर छापलेला असतो. पुष्कळ मीटरांवर तो ३२०० असतो. ३६ लाख ज्यूलना ३२०० ने भागले तर एका लुकलुकीला ११२५ ज्यूल. म्हणून दोन लुकलुकींमधले सेकंद मोजून ११२५ ला त्याने भागले, की वॅट मिळतात. ६० वॅटला हे अंतर पावणेएकोणीस सेकंदांचे येते.

५ वॅटला ते पावणेचार मिनिटांचे येईल, आणि इतका कमी भार काही मीटर मोजतही नाहीत. म्हणून फरकाची पद्धत वापरावी. घरातली इतर सगळी उपकरणे बंद करून ६० वॅटचा एक दिवा लावा. समजा, दहा अंतरांना १८८ सेकंद लागले; म्हणजे ११२५० भागिले १८८, ५९.८ वॅट. आता सर्व्हरही सुरू करा. दहा अंतरांना १७३ सेकंद लागले तर ६५ वॅट. वजाबाकी ५.२, हा आपला सर्व्हर.

पण येथे थांबू नये. घड्याळाची कळ दाबताना अर्ध्या सेकंदाची चूक झाली तर सुमारे ०.२ वॅटचा फरक पडेल, तो चालेल. खरा दगा व्होल्टचा. गावातला विद्युतदाब ५ टक्क्यांनी खाली गेला, तर तारेच्या दिव्याची शक्ती ८ टक्क्यांच्या आसपास घटते, म्हणजे जवळजवळ ५ वॅट. आपल्याला मोजायचे आहे तेवढेच! तेव्हा सर्व्हर एकदा चालू, एकदा बंद, अशी आलटून पालटून निदान सहा-सहा मापे घ्यावीत आणि दोन्हींच्या सरासरींचा फरक काढावा. मुलांच्या दोन गटांना हे वेगवेगळे करायला सांगितले तर आकडे जुळणार नाहीत, आणि ते का जुळत नाहीत यावर एक तासिका सहज निघेल. आलेला आकडा, तारीख आणि त्या वेळी यंत्र काय करत होते ते कागदावर लिहून यंत्राच्या पाठीवर चिकटवावे. घट किंवा तबक विकत घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला तोच कागद दाखवता येईल.